मुंबईच्या दोन लावण्या आणि आपला प्रश्न

१

महानगर आणि संगीत यांच्या नात्याविषयी मराठीत बोलणे निघाले की एक तक्रार हमखास ऐकू येते. पुचिनीने पॅरिसच्या पोटमाळ्यांवर 'ला बोएम' (१८९६) रचले, गर्श्विनने टॅक्सीच्या भोंग्यांसह त्याच पॅरिसला 'अॅन अमेरिकन इन पॅरिस'मध्ये (१९२८) पकडले, न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतून 'वेस्ट साइड स्टोरी' (१९५७) उभे राहिले. आणि आम्हाला मात्र मुंबईसारखे महानगर हाताशी असून असे काही साधले नाही, अशी ती तक्रार. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात ही खंत फार गंभीरपणे मांडली गेली. बोलणाऱ्यांनी संगीत नाटकाची शंभर वर्षे चाळली, नाट्यपदांचे दाखले दिले आणि शेवटी मराठी मनाला शहराची जाणीवच नाही असा निष्कर्ष काढला. सभागृहाने मान डोलावली.

या निष्कर्षातले 'मराठी मन' म्हणजे कोणाचे मन, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही. तो येथे विचारायचा आहे. माझे म्हणणे असे की, मुंबईवर रचलेली संगीतप्रधान कलाकृती मराठीत आहे. एक नाही, निदान दोन आहेत, आणि त्या एकमेकींना उत्तर देतात. एक पठ्ठे बापूरावांची 'मुंबईची लावणी' आणि दुसरी अण्णा भाऊ साठे यांची 'मुंबईची लावणी'. तिच्याच पोटी त्यांचे 'माझी मुंबई' हे लोकनाट्य आणि 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड येते. या रचना आमच्या पंडितांना दिसत नाहीत, कारण त्या ज्या रंगमंचावर झाल्या तो रंगमंच त्यांच्या हिशेबात रंगमंच नाही. ऑर्गनची पेटी वाजली तर ती संगीत रंगभूमी आणि ढोलकी, तुणतुणे, हलगी वाजली तर ती लोककला, अशी ही विभागणी आहे. तिला सौंदर्यशास्त्राचा आधार नाही, वस्तीचा आहे.

परंतु एवढे म्हणून थांबणे पुरेसे नाही. प्रस्थापितांनी आपल्याला वगळले हे सांगण्यात आपली पन्नास वर्षे गेली. ते सांगणे आवश्यक होते. आता या कलाकृती आपण स्वतः कशा वाचतो, त्यांत आपल्याला काय सापडते आणि काय सापडत नाही, याचा हिशेब मांडला पाहिजे.

२

प्रथम संगीत नाटकाविषयी थोडे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत रंगभूमीचा पाया घातला गेला, असे आपण वर्गात शिकवतो. त्यावेळी मुंबईत काय चालले होते? पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ साली झाली होती आणि १८८० पर्यंत गिरण्यांच्या धुराड्यांची रांग उभी राहिली होती. 'शाकुंतल'नंतर चारच वर्षांनी, १८८४ मध्ये, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरवली आणि सुट्टीची, कामाच्या तासांची मागणी केली. म्हणजे शहर बोलू लागले होते. पण संगीत रंगभूमीचे कान कण्वाच्या आश्रमाकडे होते. तिथून ते द्वारकेला गेले, कुंडिनपूरला गेले. मुंबईच्या प्रेक्षकांनी तिकिटे काढली, मुंबईच्या पैशावर नाटकमंडळ्या जगल्या आणि रंगमंचावर मात्र मुंबई आली नाही. ज्या शहरातून पैसा येतो त्याचे तोंड पाहायचे नाही, हा मध्यमवर्गीय अभिरुचीचा जुना शिष्टाचार आहे.

शहर अजिबात आले नाही असेही नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी शूद्रकाचे 'मृच्छकटिक' मराठीत संगीत रूपात आणले आणि त्यातून उज्जयिनी आली. जुगारी, चोर, गणिका, व्यापारी, राजाचा मेहुणा, न्यायालय असे सगळे असलेले हे खरेखुरे नगर आहे. संस्कृत रंगभूमीवर इतके गजबजलेले शहर दुसरे नाही. मी हे नाटक शिकवतो तेव्हा मुलांना दहाव्या अंकाशी मुद्दाम थांबवतो. चारुदत्ताला वधस्थानी नेणारे दोन चांडाळ तिथे येतात. नऊ अंक हे नगर आपल्यासमोर वाहते आहे आणि त्यात त्यांना जागा नाही. शहराला मारेकरी हवा झाला तेव्हाच त्यांना आवाज मिळतो. आणि तो मिळाल्यावर त्यांच्यातला एक जण जे बोलतो त्याचा आशय असा की, जन्माने आम्ही चांडाळ असलो तरी खरे चांडाळ ते, जे सज्जनाला छळतात. दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या नगरनाट्यात जन्म आणि कर्म यांची ही फारकत एका अस्पृश्याच्या तोंडी आली आहे. आमच्या नाट्यसमीक्षेने वसंतसेनेच्या दागिन्यांवर पाने भरली. या वाक्याकडे पाहणारे थोडे.

हे सांगण्याचे कारण असे की, शहरावरील कलाकृती वाचण्याची कसोटी मला इथून मिळते. या शहरात आपला माणूस कोणत्या अंकात येतो? आणि तो कशासाठी बोलावला जातो? ही कसोटी आता दोन लावण्यांना लावून पाहू.

३

पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर बाळकृष्ण कुळकर्णी. जन्म १८६६, गाव वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष. ब्राह्मण कुळकर्ण्याचा हा मुलगा तमाशात गेला, पवळाबाई हिवरगावकर या महार कलावतीबरोबर राहिला, जातीने वाळीत टाकला आणि म्हातारपणी दारिद्र्यात संपला. त्याचे धाडस लहान नव्हते. ते नाकारण्याचे मला काही कारण नाही.

त्यांच्या मुंबईच्या लावणीत शहराचे वैभव आहे. सुरुवातीलाच मुंबईला रावणाच्या लंकेची उपमा दिली आहे. उपमा मोठी मार्मिक आहे. लंका सोन्याची, पण परक्याची. गावाकडून आलेल्या माणसाला मुंबई अशीच दिसते. डोळे दिपतात आणि हे आपले नाही हेही कळते. डंका वाजतो आहे, बाजार भरला आहे, आणि पाहणारा एकेक वस्तू, एकेक ठिकाण दाखवत पुढे चालला आहे. ढोलकीच्या तालावर शहराची फेरी मारण्याचा हा आनंद खरा आहे. आजही ही लावणी चांगल्या गळ्याने म्हटली तर मांडी थापटावीशी वाटते.

पण ही लंका संपूर्ण शहराला व्यापते. तिच्यात सोने आहे, सोने घडवणारा नाही. रस्ता आहे, रस्ता झाडणारा नाही. पाहणाऱ्याचा डोळा प्रवाशाचा आहे. शहर हा देखावा आहे आणि लावणी हे त्या देखाव्याचे तिकीट.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. लावणीच्या शेवटी कवीची नाममुद्रा येते. 'पठ्ठे बापूराव' हे नाव असे हजारो प्रेक्षकांच्या कानांवर गेले, पुस्तकांत गेले, अभ्यासक्रमात आले. परंतु ज्या आवाजाने, ज्या पायांनी ही लावणी पिला हाऊसच्या आणि गिरणगावच्या थिएटरांतून लोकांपर्यंत नेली, त्या पवळाबाईची नाममुद्रा कुठे आहे? तमाशाच्या अर्थव्यवस्थेत शब्द पुरुषाचा आणि देह दलित स्त्रीचा, अशी वाटणी होती. शब्द टिकतो, देह झिजतो. शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांना अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणले. इतक्या उशिरा हे घडावे, यातच आमच्या लोकसाहित्याच्या अभ्यासकांवरची टीका आली.

महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते घेतले नाही, ही हकीकत चळवळीत सांगितली जाते. आपल्या स्त्रियांना नाचवून आलेला पैसा आपल्या मुक्तीच्या लढ्याला नको, हा त्या नकाराचा अर्थ. पुढे १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातील देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यासमोर भाषण केले आणि हे जिणे सोडा असे स्पष्ट सांगितले. दामोदर हॉल हे नाट्यगृह. कामगार वस्तीतली नाटके तिथे होत. त्याच छताखाली एका बाजूला शहराची करमणूक आणि दुसऱ्या बाजूला त्या करमणुकीची किंमत मोजणाऱ्या स्त्रियांना उद्देशून झालेले हे भाषण. मुंबईच्या संगीताचा इतिहास लिहायचा तर ही तारीख त्यात आली पाहिजे.

४

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. गाव वाटेगाव, तालुका वाळवे. एकाच तालुक्यातून मुंबईचे हे दोन शाहीर निघाले. एक कुळकर्ण्याच्या वाड्यातून, दुसरा मांगवाड्यातून. अण्णा भाऊ लहान वयात वडिलांबरोबर पायी मुंबईला आले. मिळेल ते काम केले, गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले. त्यांची सुरुवातीची रचना लेबर कॅम्पातल्या डासांवरचा पोवाडा होती असे सांगतात. बापूरावांना मुंबई सोन्याच्या डंक्याने भेटली आणि अण्णा भाऊंना डासांच्या गुणगुणण्याने. दोघांच्या शहरांतला फरक इथूनच सुरू होतो.

१९४४ साली अमर शेख, द. ना. गवाणकर आणि अण्णा भाऊ यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्याआधीच अण्णा भाऊंचा 'स्टालिनग्राडचा पोवाडा' गाजला होता. पुढे त्यांनी बर्लिनवरही पोवाडा रचला. मराठी शाहिरीत शहर हा विषय म्हणून आला तो असा. गड, लढाई आणि सरदार यांच्यासाठी असलेला पोवाडा त्यांनी वेढलेल्या शहरासाठी, त्यातल्या कामगारांसाठी वापरला. शहर वीर होऊ शकते, ही कल्पनाच नवी होती.

त्यांची मुंबईची लावणी या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. बापूरावांच्या लावणीला ते उत्तर आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण उत्तर नेमके कुठे आहे? विद्यार्थी सांगतात, बापूरावांनी श्रीमंती दाखवली, अण्णा भाऊंनी गरिबी दाखवली. तेवढेच असते तर ती फक्त उलटी बाजू झाली असती. अण्णा भाऊंनीही पुराणातली उपमा घेतली आहे, इंद्रपुरीची. पण त्यांनी ती मलबार हिलपुरती ठेवली. बापूरावांची लंका अख्ख्या शहराला पुरली होती. अण्णा भाऊंनी उपमेला टेकडीवर कोंडले आणि टेकडीखाली परळ सुरू होताच पुराण संपवले. परळला उपमा नाही. तिथे राबणे आहे, घाम आहे, मिळेल ते खाणे आहे. वैभवाला अलंकार लागतो, श्रमाला लागत नाही, ही काव्यदृष्टी या एका रचनेत सिद्ध झाली आहे. आमच्या समीक्षकांनी तिला प्रचार म्हटले. अलंकाराच्या जागेचा इतका नेमका विचार करणाऱ्या कवीला प्रचारक म्हणायचे असेल, तर 'कलावंत' या शब्दाची व्याख्या त्यांनी पुन्हा तपासावी.

तमाशाच्या रचनेतही त्यांनी हेच केले. गणातला गणपती काढून मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आले, गवळण गेली, वग थेट आजच्या प्रश्नावर आला. गण बदलण्याचे हे काम त्यांच्याही आधी सत्यशोधकी जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी सुरू केले होते, हे येथे नोंदविले पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा लाल बावट्याने 'लोकनाट्य' हे नाव पुढे केले. आज सरकारी महोत्सवांत मिरवणारा हा शब्द सरकारी बंदीतून सुटण्यासाठी रुळला, याची आठवण महोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेवर नसते.

'माझी मुंबई' या लोकनाट्याचे दुसरे नाव 'मुंबई कुणाची'. नावातच वाद आहे. मुंबई भाषेच्या हक्काने कोणाची की भांडवलाच्या हक्काने कोणाची, या त्या काळच्या भांडणात अण्णा भाऊ तिसरा हक्क मांडतात: श्रमाचा. आणि 'माझी मैना' तर महानगरावरचे अजोड विरहगीत आहे. मुंबईला आलेला माणूस आणि गावी राहिलेली त्याची बायको, एवढ्यावर ते सुरू होते. शेवटी तुटलेल्या महाराष्ट्राचा नकाशा होते. बेळगाव, कारवार यांच्याबरोबर त्या नकाशात डांगही आहे. आमच्या पश्चिमेच्या डोंगरापलीकडे डांग. आमच्या तालुक्यातल्या कोकणा आणि भिल्ल कुटुंबांची सोयरीक तिकडे. पुण्यामुंबईच्या वाचकाला ते नकाशावरचे नाव वाटत असेल, आमच्या वर्गातल्या मुलांना ते मामाचे गाव असते.

खानदेशाशी त्यांचा आणखी एक धागा आहे. १९४६ साली अमळनेरला गिरणी कामगारांवर गोळीबार झाला, त्यावर अण्णा भाऊंनी 'अमळनेरचे अमर हुतात्मे' हा पोवाडा लिहिला. मुंबईच्या शाहिराला अमळनेर दिसले, कारण त्याला मुंबई म्हणजे समुद्राकाठचे एक बेट वाटत नव्हते. जिथे जिथे गिरणीचा भोंगा वाजतो तिथपर्यंत ती पसरली होती.

५

आता अवघड भाग. मृच्छकटिकातून घेतलेली कसोटी अण्णा भाऊंनाही लावली पाहिजे. ते आपले आहेत म्हणून सूट देणे त्यांना आवडले नसते.

मुंबईच्या लावणीत शहर दोन भागांत विभागले आहे: भोगणारे आणि राबणारे. पण राबणाऱ्यांच्या आतली भिंत तिच्या मध्यभागी नाही. ती भिंत खरोखर होती. गिरणीत सूत कातण्याच्या रिंगखात्यात अस्पृश्य कामगार होता. कापड विणण्याच्या साळखात्यात त्याला मज्जाव होता. धोट्यातली कांडी बदलताना सुताचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला विटाळ वाटे. साळखात्यात पगार जास्त, म्हणून हा विटाळ रोकड्या हिशेबाचाही होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न उभा केला आणि त्याला टाळाटाळीची उत्तरे मिळाली. मालक आणि कामगार यांच्यामधील भिंत ज्या संघटनेला दिसत होती, तिला कामगार आणि कामगार यांच्यामधील भिंत दिसत नव्हती.

अण्णा भाऊंना ती दिसत नव्हती असे मी म्हणणार नाही. त्यांच्या कथांत ती जागोजाग आहे. १९५९ सालची 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या तळहातावर तरली आहे, अशा आशयाचे विधान त्यांनी केले. मुद्दा असा की, त्यांच्या गद्यात जी जात आहे ती त्यांच्या शहरगीतात मागे राहते. कलापथकाचा मंच पक्षाचा होता आणि त्या मंचावरचा कामगार एकसंध असायला हवा होता. कथेला एकांत होता. लावणीला सभा होती. सभेने लावणीला बळ दिले आणि तिची मर्यादाही आखून दिली.

दुसऱ्या बाजूला आंबेडकरी जलसे होते. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी १९३० च्या दशकापासून मुंबईच्या वस्त्यांत आणि खेड्यापाड्यांत जात, अस्पृश्यता, शिक्षण, मेलेले ढोर न ओढणे हे विषय नाचविले, गायिले. कर्डकांनी या जलशांचा इतिहास स्वतः लिहून ठेवला म्हणून तो वाचला. पुढे वामनदादा कर्डक आले. सिन्नर तालुक्यातून मुंबईला आलेला हा निरक्षर तरुण शिवडीच्या बीडीडी चाळीत अक्षरे शिकला आणि हजारो गाणी देऊन गेला. या परंपरेत जातीची भिंत स्वच्छ दिसते. पण तिथे मुंबई बहुधा बाबासाहेबांची भूमी म्हणून, सभेचे ठिकाण म्हणून येते. गिरणीचा मालक, भाड्याची खोली, बदलीचा पास, व्याजाने पैसे देणारा पठाण हे तपशील लाल बावट्याकडे राहिले.

म्हणजे एका परंपरेने मलबार हिल गायिले आणि दुसरीने गावकुस. साळखाते दोघींच्या मधोमध राहून गेले. तिथे वर्ग आणि जात एकाच धाग्यावर होते. तो धागा कोणाच्या तोंडचा यावर भाकरी ठरत होती. महाडच्या सत्याग्रहात पुढाकार घेऊन पुढे कम्युनिस्ट झालेल्या रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखी माणसे आयुष्यभर या दोन मंचांमध्ये ये-जा करीत राहिली. त्या ये-जा करणाऱ्या माणसाचे नाटक मात्र झाले नाही. जे घडले नाही त्याबद्दल पूर्वजांना दोष देऊन काही साधत नाही. पण ते घडायचे राहिले आहे, हे ओळखणे समीक्षेचे काम आहे.

६

प्रस्थापित रंगभूमीने मुंबईचा गरीब मंचावर आणला तेव्हा काय झाले, हेही पाहू. १९७८ साली थिएटर अकादमीने पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली केले. मूळ ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचा बर्लिनमधला 'थ्रीपेनी ऑपेरा' (१९२८). त्याचेही मूळ जॉन गे याचा लंडनमधला 'बेगर्स ऑपेरा' (१७२८). अडीचशे वर्षे आणि तीन महानगरे ओलांडून भिकाऱ्यांची ही कथा मुंबईत पोचली. लावणी, नाट्यपद आणि पाश्चात्त्य पॉप यांचे मिश्रण त्यात मोठ्या हिकमतीने केले होते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु या नाटकातला भिकारी हा मुळातच वेष आहे. धंदेवाईक माणूस त्याला कपडे आणि जखमा पुरवतो. ब्रेख्तच्या बर्लिनमध्ये या युक्तीने सद्गृहस्थाला चिमटा बसला. आमच्याकडे चिमट्याऐवजी गुदगुल्या झाल्या. ज्या वर्षी हा तमाशा झाला त्याच वर्षी, जुलै १९७८ मध्ये, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. घरे सोडून कितीतरी कुटुंबे शहरांकडे निघाली. नाटकाने ते दाखवायला हवे होते असा माझा आग्रह नाही. पण नाट्यगृहात वेष घेतलेला गरीब आणि नाट्यगृहाबाहेर रेल्वेच्या फलाटावर उतरलेला गरीब यांची ओळख झाली नाही, एवढे तर म्हणावेच लागते.

अमेरिकेतील काळ्या संगीतकारांपुढे हाच प्रश्न होता. गर्श्विनने १९३५ साली चार्ल्सटन शहरातल्या काळ्या वस्तीवर 'पोर्गी अँड बेस' हा ऑपेरा रचला. प्रतिभा निर्विवाद, सहानुभूती खरी, आणि भूमिका काळ्या गायकांनीच कराव्यात ही त्याची अटही प्रामाणिक. तरी वस्ती बाहेरून पाहिलेली. ड्यूक एलिंग्टनने 'हार्लेम' रचले आणि २१ जानेवारी १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाऊसमध्ये, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या मदतीसाठी, ते वाजवले. आरंभीच ट्रंपेट दोन स्वरांत वस्तीचे नाव उच्चारते. बाकी सगळी रचना त्या दोन स्वरांतून वाढते. वस्तीला आधी तिच्या नावाने हाक मारायची आणि मग तिच्यातून चालायचे, ही आतल्या माणसाची रीत आहे. बापूराव आणि अण्णा भाऊ यांच्यातले अंतर मला या उदाहरणाने समजावून सांगता येते.

७

मी साक्रीला मराठी शिकवतो. माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरात तर महाविद्यालयात आलेली तीच पहिली. या मुलांना मुंबईच्या दोन लावण्या शिकवताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांचे महानगर मुंबई नाही. त्यांचे महानगर सुरत आहे. साक्रीवरून जाणारा जुना सुरत-नागपूर रस्ता नवापूरमार्गे तिकडे उतरतो. दसरा-दिवाळी झाली की दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी कोयत्याच्या टोळ्या निघतात. यंत्रमागांवर, बांधकामांवर वर्षभर माणसे जातात. उधना, लिंबायत या सुरतेच्या भागांत अहिराणी रस्त्यावर ऐकू येते. 'सुरतले ग्यात' हे आमच्याकडे घराला कुलूप असण्याचे कारण म्हणून पुरेसे उत्तर आहे.

या सुरतेची लावणी नाही. आहेत ती सुटी गाणी: टोळीतल्या बायकांची, डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरीबरोबर म्हटलेली, भीमजयंतीला मोबाइलवर नोंदवून पाठवलेली. कुणीतरी त्यांना जोडले पाहिजे. अण्णा भाऊंना जोडण्यासाठी कलापथक होते, पक्ष होता, लालबागचे हनुमान थिएटर होते, रात्रपाळी संपवून येणारा कामगार प्रेक्षक होता. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या गेल्या, गिरण्यांबरोबर तो प्रेक्षक गेला, त्या थिएटरातले तमाशेही थांबले. जिथे भोंगा वाजत होता तिथे मॉल आले. अण्णा भाऊंचे पुतळे उभे राहिले आणि त्यांची लोकनाट्ये मात्र क्वचितच उभी राहतात. पुतळ्याला हार घालायला अर्धा तास लागतो; 'माझी मुंबई' बसवायला दोन महिने लागतात. आपण अर्धा तास निवडला.

आपल्यातल्या अनेकांना तमाशा या शब्दाचाच तिटकारा आहे. त्याचे कारण मी वर सांगितले आहे आणि ते कारण मोठे आहे. बाबासाहेबांचा नकार हा आपल्या स्त्रियांच्या सन्मानाचा नकार होता. परंतु त्या नकाराचा अर्थ ढोलकी टाकून द्या असा जलसाकारांनी घेतला नाही. त्यांनी स्त्रीदेहाचा बाजार काढून टाकला आणि ढोलकी ठेवली. आपण मध्यमवर्गात आल्यावर ढोलकीही टाकली आणि आता संगीत रंगभूमीच्या दारात उभे राहून आम्हालाही आत घ्या म्हणतो. हे उलटे झाले आहे.

म्हणून चर्चासत्रातल्या त्या तक्रारीला उत्तर देताना दोन्ही लावण्यांची नावे सांगून मी समाधानी नाही. मुंबईची संगीतकृती मराठीत आहे; तिच्यात पवळाबाईची नाममुद्रा नाही आणि साळखाते नाही. जो कोणी यापुढे शहरावर लोकनाट्य लिहील त्याने या दोन रिकाम्या जागांपासून सुरुवात करावी. कदाचित ते मुंबईवर नसेल. कदाचित ते लिंबायतच्या एखाद्या खोलीत, यंत्रमागाच्या खडखडाटात, अहिराणीत सुचेल, आणि लिहिणारा हात मुलीचा असेल. शिक्षकांनी तोवर एवढे करावे: प्रश्नपत्रिकेत 'लावणीची वैशिष्ट्ये लिहा' असे न विचारता, 'मुंबईच्या दोन लावण्यांत शहर कोण पाहते आहे?' असे विचारावे. कार्यकर्त्यांनी पुढच्या १ ऑगस्टला भाषणांची संख्या कमी करून 'माझी मुंबई'चा एक प्रयोग बसवावा. आणि विद्यार्थ्यांनी सुट्टीत घरी गेल्यावर आईला, मावशीला, सुरतेहून परतलेल्या काकांना विचारावे की तिकडे काम करताना काय गाता, आणि ते गाणाऱ्याच्या नावासकट लिहून आणावे. नावासकट, हे विसरू नये.